करंगळीवरच्या मेखा

डिसेंबर लागला की माझ्या बोटांची पेरं उलतात. नाशिकची कोरडी थंडी. सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री उचलली की गार लोखंड उललेल्या कातडीला लागतं आणि बारीक कळ जाते. विनय म्हणतो, “व्हॅसलीन लाव ना.” लावते. पण खरं सांगायचं तर ती कळ मला अगदीच नकोशी वाटत नाही. बाहेर डोंगरावरचं गवत वाळलेलं असतं, पावसाळ्याचं पाणी कातळातून झिरपून गेलेलं असतं, दगड हाताला खरखरीत लागायला लागलेला असतो. सुळके चढणारी माणसं वर्षभर याच दिवसांची वाट बघतात. मीही बघायचे. आणि तरी दर वर्षी या दिवसांत मला आठवते ती बहरीनमधली माझी पहिली थंडी, आणि त्या थंडीत पलंगावर मांडून ठेवलेल्या लोखंडी मेखा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. लग्न होऊन मी बहरीनला, अदलिया नावाच्या वस्तीत राहायला आले तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. विनय एका बँकेत अकाउंटंट होता. सकाळी निघायचा, संध्याकाळी यायचा. आमच्या खाली एक कॅफे होता, तो दिवसभर बंदच असायचा. रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नसे; गाड्या यायच्या, दारं उघडून मिटायची, गाड्या जायच्या. थंडी पडल्यावर सगळ्या इमारतीचे एसी बंद झाले आणि जी शांतता पसरली तिला मी आधी सुख समजले. मग त्या शांततेत शेजारचा कुकर, जिन्यावरच्या चपला, लांबून येणारी अजान असं सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं, आणि त्यातलं काहीच आपलं नाही हे कळायला लागलं. दुपारी मी बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. समोर बुटके बंगले, त्यांच्यावर टाक्या, टाक्यांवर आभाळ. नजर अडेल असं काही नाही. आयुष्यभर डोंगराच्या कुशीत वाढलेल्या माणसाला सपाट देशात डोळे कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

मी येताना मेखा घेऊन आले होते. पापड-लोणच्याच्या वजनातून काढून. आई म्हणाली होती, “लग्न होऊन चाललीस की लोहारकाम करायला?” पण विनयनं लग्न ठरल्यावर फोनवर सांगितलं होतं, “अगं, इथे पण डोंगर आहे. जबल म्हणतात.” त्या एका शब्दावर मी ती जड पिशवी कपड्यांच्या मधोमध गुंडाळली.

मेखेची गोष्ट अशी, की जिथे कातळ हाताला काहीच देत नाही तिथे ती लागते. भेगेत मेख ठोकायची, तिच्या डोळ्यात कडी अडकवायची, कडीला रिबिनीची शिडी लावायची आणि त्या शिडीवर उभं राहून हात पुरेल तिथे पुढची मेख ठोकायची. इंग्रजी पुस्तकांत त्यांना पिटॉन म्हणतात आणि प्रत्येक जातीला वेगळं नाव असतं. आम्हाला ती नावं पाठ होती, पण कड्यावर लटकलेलं असताना खालच्या माणसाला ओरडून सांगायचं तर आपली नावं बरी. केसाएवढ्या भेगेत जाणारी पातळ मेख म्हणजे सुरी. टोकाकडे निमुळती होत गेलेली, घडीव, भरीव मेख म्हणजे बाण. पत्रा दुमडून केलेली म्हणजे पन्हळ. तिच्या दोन कडा आणि पाठ अशी तीन ठिकाणं दगडाला चावतात, म्हणून ती माझी आवडती. पन्हळीचीच मोठी बहीण, मुठीएवढ्या भेगांसाठी, ती ठोकताना घणघणते म्हणून घंटा. आणि नखाएवढी एक, जी भेगेत गेली न गेल्यासारखीच असते, फक्त तुमचं वजन पेलते, पडलात तर मुळीच पेलणार नाही, तिला अलका टिकली म्हणायची.

अलका म्हणजे माझी दोराची जोडीदार. कॉलेजपासूनची. ती वर तर मी खाली, मी वर तर ती खाली. दोराच्या दोन टोकांना बांधलेल्या माणसांना एकमेकींचा चेहरा फारसा दिसत नाही, आवाजच ऐकू येतो. म्हणून अलकाचा आवाज मला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा.

लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात आम्ही दोघी इगतपुरीच्या बाजूच्या एका सुळक्यावर होतो. खालच्या वाडीतली माणसं त्याला करंगळी म्हणतात. त्याच्या पश्चिमेच्या अंगाला सरळ वर जाणारी एक भेग आहे, आणि त्या भेगेतून आधी कुणी गेलेलं आम्हाला ठाऊक नव्हतं. ती भेग मी चढत होते. दिवसभर चढले. वर जिथे कातळ छपरासारखा पुढे येतो तिथपर्यंत पोचले, छपराखाली एक शेवटची मेख ठोकली, तिच्यावर क्षणभर उभी राहिले, आणि अंधार पडायला लागला म्हणून परत खालच्या दोन मेखांपर्यंत आले. त्या दोन मेखांना दोर बांधून आम्ही उतरलो. त्यांच्या खालच्या मेखा उतरताना काढून घेतल्या; शेवटची मात्र वरच राहिली. “पुढच्या थंडीत,” अलका म्हणाली. मी म्हटलं, “पुढच्या थंडीत.” मग उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं.

पुढची थंडी आली तेव्हा मी अदलियात होते आणि अलकाची कॅसेट आली. विनयच्या बँकेतला एक जण सुट्टीवर गेला होता, त्याच्याबरोबर तिनं पाठवली होती. आमच्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. समोरच्या फ्लॅटमध्ये रुकय्याभाभी राहायची, कोकणातली, म्हसळ्याकडची. तिच्या नवऱ्याचं बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. तिच्याकडे मोठा टू-इन-वन होता. तिच्या माहेरी फोन नव्हता, त्यामुळे ती आईला कॅसेटी भरून पाठवायची, आणि आईच्या कॅसेटी आल्या की दार लावून ऐकायची. मी मागायला गेले तेव्हा ती स्वतःच तो उचलून आमच्याकडे घेऊन आली आणि पलंगावरचं लोखंड बघून थबकली.

“आगो, ह्ये काय? कुणाचा तबेला बांधायचाय?”

“मेखा आहेत भाभी. डोंगर चढायच्या.”

“डोंगराला पायवाट नसते काय?”

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले असेन, कारण माझं मलाच दचकायला झालं.

कॅसेटमध्ये आधी वारा होता, मग अलका. “शुभे, जानेवारीत आम्ही करंगळी करतोय. तुझ्या भेगेनंच. तू नाहीस, म्हणून मी पुढे जाणार. कुठे काय बसलं ते सगळं सांग. आठवून, नीट सांग. मला तुझ्याशिवाय ती भेग माहीत नाही.” मग थोडी खरखर, आणि जरा हळू, “तू असतीस तर बरं झालं असतं.”

मला राग आला. कुणाचा ते कळेना. अलकानं वर्षभर थांबावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? मी परत कधी जाणार ते मलाच ठाऊक नव्हतं. पण ती भेग माझी होती. माझ्या बोटांनी चाचपलेली, माझ्या हातोड्याखाली वाजलेली. ती मी आता तोंडानं उचलून दुसरीला द्यायची होती.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलायला बसले. कॅसेटवर कसं बोलायचं ते भाभीनं शिकवलं. “पहिलं सगळ्यांना सलाम सांग, नायतर मागनं कोण तरी रुसतं. आणि घाईनं बोलू नको. त्यांना काय, ती परत परत ऐकतात. जेवढं बोलशील तेवढं त्यांच्या घरात राहशील.”

मी डोळे मिटायचे आणि भेगेत हात घालायचे. प्रत्येक मेख पलंगावरून उचलायची, बोटांत फिरवायची, मग आठवायचं. सुरवातीला भेग बारीक, तिथे सुरी, पण डोळा खाली येईल अशी. मग एक बाण, आडवा. त्याच्यावर दगडाचा पापुद्रा आहे, त्याला हात लावू नकोस, पोकळ वाजतो. मग भेग उघडते, तिथे पन्हळ. त्यावर एका जागी एक मेख पुरत नाही, तिथे दोन पन्हळी पाठीला पाठ लावून ठोक. विनय घरी यायचा तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बोलत असायचे. तो बूट काढून आवाज न करता स्वयंपाकघरात जायचा आणि चहा टाकायचा. एकदा त्यानं एक मेख उचलून विचारलं, “ही पन्हळ ना?” तो बाण होता. मी म्हटलं, “हो.” त्याला बरं वाटलं.

मेख बसली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. चांगली बसत असेल तर हातोड्याच्या प्रत्येक घावाला सूर वर चढत जातो, एखादी बाई पायऱ्या चढत गात जावी तसा. सूर चढता चढता मध्येच बोदा झाला तर समजायचं, खाली दगड फुटला किंवा भेग संपली. मला भेगेतल्या जवळजवळ सगळ्या मेखांचे सूर आठवत होते. तसं मी कॅसेटवर सांगतही होते. ही उत्तम वाजली, हिच्यावर बिनधास्त लटक. ही शेवटी जरा बोदी वाजली, हिला धक्का देऊ नकोस.

आणि मग छपराखालची शेवटची मेख आली. बाण होता, नक्की. डाव्या हातानं धरला होता, नक्की. किती आत गेला, कसा वाजला, काहीच आठवेना. मी टेप थांबवला. दुसऱ्या दिवशी परत बसले, परत थांबवला. अलका तिथे पोचणार दमून, तिला ती तयार मेख समोर दिसणार, कडी अडकवून ती सरळ तिच्यावर उभी राहणार. कुणीही राहील. तिच्यावर उभं राहूनच छपराची कड गाठायची होती. ती चांगली आहे असं मी सांगितलं असतं तर अलकानं माझ्या शब्दावर पाय दिला असता. मला ती चांगलीच असायला हवी होती. माझी सगळ्यात वरची मेख होती ती.

शुक्रवारच्या सुट्टीला विनय म्हणाला, “चल, जबल दाखवतो. पिशवी पण घे.”

आम्ही दक्षिणेकडे गेलो. शहर संपलं, मग तेलाच्या नळ्या, वाळवंटात थंडीसाठी लागलेले तंबू, तंबूंपुढे गाड्या, खेळणारी पोरं. मग रस्ता जरासा चढला आणि विनयनं गाडी थांबवली. “हा जबल.” मी खाली उतरले. आपल्याकडे वाडीतून बाहेर पडून पहिल्या टेकाडावर पोचावं तेवढा उंचवटा. वर खांब होते. विनय माझ्याकडे बघत होता. “मी डोंगर म्हणालो होतो खरं…” तो म्हणाला. मी म्हटलं, “आहे की.” त्या दोन शब्दांत मी त्याच्याशी जितकी प्रेमानं बोलले तितकी आधी बोलले नव्हते, आणि तेव्हाच मला इतकं एकटं वाटलं की गाडीत जाऊन बसावंसं वाटलं.

पायथ्याशी चुनखडीची बुटकी कड होती, माझ्या छातीएवढी. तिच्यात एक भेग होती. मी पिशवीतून बाण काढला आणि ठोकायला लागले. तो शमालचा दिवस होता; उत्तरेकडून येणारा थंडीचा वारा, तोंडावर वाळू मारणारा. चुना भुसभुशीत. दोन घावांत कड उकलून खाली पडली. मी दुसरीकडे लावला. एवढ्यात जवळच्या तंबूतून एक वयस्कर बहरीनी गृहस्थ पांढरा झगा सावरत आले. त्यांनी माझ्या हातातली मेख पाहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विनयला विचारलं, “टेंट किधर?”

“टेंट मफी,” विनय म्हणाला.

ते विचारात पडले. तंबू नाही आणि बाई खुंटी ठोकतेय. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “हमारा टेंट में आओ. चाय पियो. बहोत हवा.”

विनय त्यांच्याशी बोलत राहिला आणि मी हातोडा उचलून परत मारला. हातोडा लागलेला मनगटाला कळला, आवाज मात्र कानापर्यंत आलाच नाही. वारा तो उचलून घेऊन गेला. मी परत मारला. परत तेच. आणि मला छपराखालची ती संध्याकाळ लख्ख आठवली. तिथेही असाच वारा होता. कड्यावरून गोल फिरून छपराखाली घुसणारा. मी मारत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. कसा वाजला ते मी विसरले नव्हते. मी ते ऐकलंच नव्हतं. न ऐकताच उभी राहिले होते.

आम्ही त्या गृहस्थांच्या तंबूत चहा प्यायलो. त्यांची बायको माझ्या हातांकडे बघत होती. पेरांवर रक्त आलं होतं. तिनं खजुराची ताटली माझ्यापुढे सरकवली.

घरी येऊन मी टेप लावला. “अलके, छपराखालच्या मेखेवर पाय देऊ नकोस. ती कशी बसली मला माहीत नाही, मला वाऱ्यात ऐकू आलं नव्हतं. तिच्या वीतभर खाली भेग रुंदावते. तिथे पन्हळ घाल. वारा असेल तर तो पडेपर्यंत थांब. सूर चढत गेलेला स्वतःच्या कानांनी ऐक आणि मगच उभी राहा.” कॅसेट भाभीच्या दिराबरोबर मुंबईला गेली.

नंतरचे दिवस लांब होते. अलका करंगळीवर कधी असणार तो दिवस मला साधारण ठाऊक होता, आणि त्या दिवशी मी पोळ्या लाटल्या, कपडे वाळत घातले, बुसैतीनला विनयच्या साहेबांकडे जेवायला गेले. तिथल्या बायकांनी विचारलं, “तुम्हाला कशाची आवड आहे?” मी म्हटलं, “फिरायची.” त्यांची मुलं इंग्रजीत भांडत होती. मी खिडकीतून समुद्राकडे बघत होते आणि आता ती पापुद्र्यापाशी असेल, आता दोन पन्हळींपाशी, असं मनात चाललं होतं. दिवस गेला. पुढचाही गेला. बातमी नाही. वाईट बातमी लवकर येते असं विनय म्हणाला. मग तोच उठून फोन लागतो का बघून आला.

पुढे काही वर्षांनी नाशिकला परत आल्यावर मी पुष्कळ चढले. सोपे सुळके, मुलांना शिकवायचे कातळ. आता मेखा फारशा कुणी ठोकत नाही. दगड फुटतो, भेगांना व्रण पडतात, आणि नवी हत्यारं न ठोकताच बसतात. हे चांगलंच झालं. माझ्या हाताखालच्या मुली विचारतात, मॅडम, पन्हळ म्हणजे काय? मी सांगते. करंगळीला मात्र मी गेले नाही. गाडी त्या रस्त्यानं जाते तेव्हा ती दिसते, तिच्या भेगेवर सावली असते. मी बघते आणि विनयही बघतो.

तेव्हा, अदलियात, अलकाचा फोन आला तो एका शुक्रवारी सकाळी. विनय भाजी आणायला गेला होता.

“शुभे, झाली करंगळी!” अलका बूथमधून ओरडत होती. मागे रिक्षांचे आवाज.

“सगळे नीट?”

“सगळे नीट. ऐक, मी तू सांगितलंस तशी पन्हळ घातली. वारा पडेपर्यंत किती वेळ लटकून होते माहितेय? काय वाजली ग ती! मग तिच्यावर उभी राहिले आणि तुझा बाण नुसता हलवून बघितला. हातात आला. हातोडा लागलाच नाही.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेस ना? माझ्याकडे आहे तो. पाठवू तुला?”

“नको. वापर तू.” मग मी विचारलं, “वर कसं आहे?”

“वर काही नाही ग. चार जणी बसतील एवढी जागा. वाळलेलं गवत. एक घार आली होती.” मग ती म्हणाली, “दर मेखेला तुझा आवाज येत होता मला. मीटर पळतंय, ठेवते.”

रिसीव्हर खाली ठेवून मी तशीच उभी राहिले. दार उघडं होतं. रुकय्याभाभी तांदळाच्या वाफाळत्या सांदणांचं भांडं घेऊन आत आली आणि माझा चेहरा बघून तिथेच थांबली.

“काय झालं गो? कोण पडलं काय?”

“नाही भाभी. कुणी पडलं नाही. चढले सगळे.”

“तुझी मैत्रीण?”

“तीच पहिली चढली.”

“मग रडतेस कशाला?”

मी डोळे पुसले. भाभीनं भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून बसली आणि ओढणीच्या टोकानं हात पुसत राहिली.

“माझ्या धाकट्या बहिणीचं लगीन झालं,” ती म्हणाली, “तवा आमच्या विसाचं काम अडकलं होतं. जायला नाय मिळालं. मी हळदीची गाणी कॅसेटवर म्हणून पाठवली. सगळी. आमच्यात मीच म्हणायची ना पहिल्यापासनं. त्यांनी ती लाउडस्पीकरवर लावली. आये सांगते, बायका आधी रडल्या नि मग नाचल्या. लगीन माझ्या आवाजावर झालं.”

“आणि तुम्ही?”

“मी हितं भांडी घासत होते. आता हळद लागली असंल, आता आंघोळ घालत असतील, असं.” तिनं ओढणी सोडली. “मागनं त्यांनी ती कॅसेट परत पाठवली मला. आठवण म्हणून. कपाटात हाय.”

“ऐकलीत?”

तिनं मान हलवली. नाही. मग भांड्यावरचं झाकण काढलं, एक सांदण माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, “खा. ऊन हाय तोवर खा.”

मी खाल्लं. तीही एक घेऊन माझ्यासमोर बसून खायला लागली.